कंसातली ओळ

प्रश्न: ताई, मानेवाडा रोडच्या आतल्या बाजूला आमची चक्की आहे. बाबांनी 1994 मध्ये टाकली, आता मी बघतो. दोन दगडी चक्क्या आणि एक मिरची कांडप मशीन. पूर्वी रोजचं 400 किलो दळण व्हायचं, आता 250 वर आलं. आजूबाजूला सगळ्या फ्लॅट स्कीम झाल्या, पण तिथून डबे येत नाहीत. मोबाईलवर आट्याचं पाकीट मागवतात, दहा मिनिटांत दारात. त्यात सहा महिन्यांपूर्वी दोन गल्ल्या सोडून नवीन चक्की उघडली. तो किलोला 5 रुपये घेतो, मी 6. बायको म्हणते, आपणही 5 करू. भाचा म्हणतो, मोठा फ्लेक्स लाव, इन्स्टाग्रामवर ये. माझ्याजवळ 60 हजार आहेत, ते कशात टाकू? आमच्याकडे वेगळं असं काहीच नाही, चक्की ती चक्की. (तशी दिवाळीत आईच्या भाजणीला गर्दी असते. आणि हुडकेश्वरहून एक बाई येतात, त्यांच्या मुलीला गहू चालत नाही, डॉक्टरांनी बंद केला, म्हणून सकाळी मशीन साफ करून पहिलं दळण त्यांच्या ज्वारीचं करतो. पण अशी गिऱ्हाइकं किती!) काही मार्ग सांगा.
— एक चक्कीवाला, मानेवाडा, नागपूर

उत्तर:

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘वेगळं असं काहीच नाही’ असं लिहिलं आणि लगेच कंस उघडून जे काही वेगळं होतं ते सगळं त्यात कोंबून टाकलं. माझं उत्तर त्या कंसाबद्दलच आहे. पण आधी वहिनींच्या सूचनेचा हिशेब करून टाकू, नाहीतर तो डोक्यात फिरत राहील.

250 किलो, 6 रुपयांनी, म्हणजे रोजचे 1500. वीज, पट्टा, दगडाला टाकी लावणं (म्हणजे झिजलेल्या खाचा पुन्हा कोरणं), हाताखालच्या पोराचा पगार असं सगळं धरून किलोमागे 3 रुपये खर्च समजू. खरा आकडा तुमची बिलं काढली की कळेल. हातात राहतात 750. भाव 5 केला की किलोमागे राहिले 2, आणि तेच 750 मिळवायला दळावे लागतील 375 किलो. दीडपट काम, मिळकत जागच्या जागी. शिवाय तो समोरचा उद्या साडेचार करेल, मग? पाच किलोच्या डब्यामागे पाच रुपये वाचतात म्हणून दोन गल्ल्या पुढे जाणारं गिऱ्हाईक साडेचारसाठी आणखी दोन गल्ल्या चालेल. जाऊ द्या त्याला. वहिनींना म्हणावं, भाव 6 च राहणार.

माझ्या भावाचं महालात स्टेशनरीचं दुकान होतं. शेजारी नवं दुकान आलं आणि त्याने वह्यांवर सूट लावली. भावाने जास्त सूट लावली. मग त्याने, मग याने. दीड वर्ष दोघं एकमेकांचा घाम काढत होते आणि शेवटी आमचं शटर खाली आलं. पुढे दोन-तीन महिन्यांनी मला रस्त्यात एक चित्रकलेचे सर भेटले. म्हणाले, ‘तुमच्या भावाकडे रंगांच्या सुट्या ट्यूबा मिळायच्या हो. पोरांचा पांढरा रंग आधी संपतो, त्यासाठी अख्खा बॉक्स घ्यावा लागत नव्हता. आता बर्डीला जावं लागतं.’ भावाला सांगितलं तर तो गप्पच बसला. सुट्या ट्यूबा तो एका कोपऱ्यातल्या खोक्यात ठेवायचा, त्यात फार काही सुटत नाही म्हणून ते खोकं बंदच करायच्या बेतात होता. लोक आपल्याकडे कशासाठी येतात हे त्याला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तो बिचारा वह्यांवर लढत बसला.

म्हणून पहिलं काम. एक पैसा खर्च न करता पुढचे आठ दिवस एक वही गल्ल्यावर ठेवा. डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सहज विचारा, ‘काकू, इतक्या चक्क्या असताना आपल्याकडेच कशा?’ उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘तुम्ही रवाळ बरोबर दळता’ म्हणाल्या तर तेच लिहायचं, ‘चांगली सर्व्हिस’ असं करून टाकायचं नाही. जे दुसरी चक्की ओलांडून तुमच्याकडे येतात, त्यांच्या नावापुढे खूण करा. मला वाटतं, त्या वहीत तुम्हाला भाव फारसा सापडणार नाही.

आता पाकिटाबद्दल. त्याच्याशी भांडू नका. पाकीट सोयीचं आहे, स्वच्छ दिसतं, रात्री नऊला पाहुणे आले तर उपयोगी पडतं. पण त्याला महिनोन्महिने टिकायचं असतं, ही त्याची अडचण आहे. तुमच्या पिठाला टिकायचं नाही. ज्वारीचंच घ्या. पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना मधोमध तुकडा पडतो. मग ती नवी सून म्हणते, मला भाकरी जमत नाही. अगं बाई, तुला जमते, पिठाला जमत नाही! हे तिला कोण सांगणार? तुम्ही. तेही अर्धा किलो ताजं पीठ हातात देऊन, ‘हे उद्यापर्यंत थापून बघा’ असं म्हणून. दळून ठेवलेलं ज्वारीचं पीठ विकायचंच असेल तर पुडीवर दळल्याची तारीख पेनाने टाका आणि तीन दिवसांवरचं विकू नका. ढोरांना घाला. ही बातमी स्कीममध्ये पोचायला वेळ लागत नाही.

आता हुडकेश्वरच्या ताई. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण इथे तुमचं भलं आणि तुमची चूक दोन्ही एकाच ठिकाणी आहेत.

त्यांच्या मुलीला बहुधा सिलिअ‍ॅक हा आजार असावा. त्यात गव्हातलं ग्लूटेन अगदी थोडं पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, आणि इलाज म्हणजे ते आयुष्यभर पूर्ण टाळणं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, भगर, राजगिरा, हरभरा डाळ यांत ग्लूटेन नसतं. पण ती दळली जातात कशावर? आदल्या दिवशी दिवसभर गहू ओढलेल्या चक्कीवर. तुम्ही झाडू मारता, ब्रशने साफ करता, फडका मारता, मला मान्य आहे. पण दगडाच्या टाकीच्या रेघांत, खालच्या तोंडाच्या कापडी पिशवीत, पट्ट्यावर, भिंतीवर, तुमच्या भुवयांवरसुद्धा कालचा गहू असतो. सकाळचं पहिलं दळण हा उपाय मनापासूनचा आहे, पण त्या पोरीसाठी पुरेसा नाही.

60 हजार कशात टाकायचे ते मी इथेच सांगते. फ्लेक्स राहू द्या. घरघंटीपेक्षा मोठी, दोन एचपीची एक चक्की घ्या. तुमच्या रकमेत बसायला हवी. मंजूर विजेचा भार किती आहे तेवढं आधी बिलावर बघून घ्या. ती गव्हाच्या खोलीत ठेवायची नाही. मागे खोली असेल तर तिथे, नसेल तर घराच्या बाजूला दार असलेली जागा काढा. तिचा चाळणा वेगळा, पिशवी वेगळी, सूप वेगळं, तराजूचं भांडं वेगळं. दळणाऱ्याने हात धुऊन, सदरा बदलून आत जायचं. आणि दारावर ऑईलपेंटने, मोठ्या अक्षरांत एवढंच लिहायचं:

या चक्कीत गहू पडत नाही.

बस. तुमचा अख्खा धंदा शेजारणीला एका वाक्यात सांगता येईल असं हे वाक्य आहे. मानेवाड्यात चक्क्या ढीगभर असतील, हे वाक्य किती दारांवर आहे?

मात्र ‘ग्लूटेन-फ्री’ असं पाटीवर किंवा पुडीवर लिहू नका. त्या शब्दाला कायद्याचं माप आहे. एका किलोत 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असेल तरच तसं लिहिता येतं, आणि ते प्रयोगशाळेत तपासावं लागतं. बाजारातून येणाऱ्या ज्वारीतच गव्हाचे चार दाणे असतात, ते निवडूनच टाकायचं. त्या ताईंना हेही सांगा की निवडणं आपलं दोघांचं काम आहे. आणि मधुमेहाचे काका आले तर त्यांना ज्वारी विका, औषध विकू नका. ‘साखर खाली येते म्हणे’ हे वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडून येऊ दे, तुमच्या नको.

‘अशी गिऱ्हाइकं किती!’ असं तुम्ही लिहिलं. थोडी आहेत, खरं आहे. पण ती सगळी शहरभर विखुरलेली आहेत आणि सगळीच चांगली चक्की शोधत फिरताहेत. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पत्ता, वेळ आणि ते एक वाक्य छापून घ्या. धंतोली, रामदासपेठेत आहारतज्ज्ञ आणि पोटाच्या विकारांचे डॉक्टर बसतात, तिथे स्वतः जाऊन द्या. चक्की बघायला या म्हणावं. आलेच कुणी तर चहा पाजा आणि खोली दाखवा. एका आईला तुमच्यावर विश्वास बसला की ती दहा आयांना सांगते, कारण त्या एकमेकींना धरून असतात. शिवाय त्या मुलीचं घर फक्त ज्वारीवर थांबत नाही. बेसन, तांदळाची पिठी, नाचणी, सगळं तुमच्याकडूनच जाणार. (हिंगाच्या डबीतही बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो, हे त्यांना माहीत असेलच. तुम्हालाही माहीत असू द्या, मसाला कुटायला आणतील तेव्हा कामी येईल.)

नवरात्राच्या आधी ही चक्की पूर्ण उघडून, पुसून नऊ दिवस फक्त भगर, राजगिरा, शिंगाड्याला द्या. उपासाच्या पिठात धान्य गेलं की आमच्या पिढीच्या बायका दुसऱ्या वेळी येत नाहीत, बोलूनही दाखवत नाहीत.

आईची भाजणी. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग, धणे, जिरे असतात, गहू नसतो. तेव्हा ती नव्या चक्कीवर दळता येईल. थालीपिठाच्या भाजणीत आई गहू घालत असतील तर ती जुन्याच चक्कीवर, चुकूनही इकडे नको. भाजणीला दिवाळीचीच वाट कशाला? श्रावणात, पावसाळ्यात थालीपीठ खाणारे कमी आहेत का? अर्ध्या किलोच्या पुड्या करा. त्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. तुमच्याकडे नसेल तर ती आधी करा, चक्कीलाही ती हवीच. पुडीवर घटक, वजन, तारीख, किंमत, पत्ता आणि तो 14 आकडी नंबर येऊ द्या. पाकिटबंद, लेबल लावलेल्या पिठांना जुलै 2022 पासून जीएसटीही आला, तुमच्या उलाढालीला तो लागू होतो का हे करसल्लागाराला एकदा विचारून घ्या. आणि आई भाजतात कशा, हे आत्ताच लिहून ठेवा. डाळ कुठल्या रंगावर उतरवतात, आधी काय नंतर काय. हे मी रागवून सांगते आहे असं समजा.

गव्हाकडे येऊ, कारण पोट अजून गव्हावरच आहे. स्कीममधल्या मंडळींकडून डबा येत नाही, याचं कारण त्यांना तुमचं पीठ नको हे नाही. वर्षाचा गहू भरायची, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत ठेवायची जागा त्यांच्याकडे नाही. आणि पाच किलोचा डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावरून उतरायचं, नागपूरच्या मे महिन्यात? मीही नाही उतरणार. तेव्हा गहू तुम्ही ठेवा. लोकवन आणि शरबती, दोनच. गिऱ्हाईक फोन करेल, तुम्ही ताजं दळून द्याल. तीन स्कीम धरा, जास्त नको. मंगळवार आणि शनिवार संध्याकाळ. दहा मिनिटांत पोचवायच्या नादी लागू नका, त्यात तुम्ही हराल. पण ‘मंगळवारी सहा ते आठ’ म्हटलं की मंगळवारी सहा ते आठ. पावसातही.

प्रत्येक घराला एक नंबर. डब्याच्या बुडाला ऑईलपेंटने तो लिहायचा आणि वहीत त्या नंबरापुढे: 17, लोकवन, बारीक, कोंडा ठेवायचा. 23, शरबती, लाडवाला रवाळ. 31, आजोबांना दात नाहीत, एकदम मऊ. दुसऱ्यांदा काहीच न विचारता तसंच दळून गेलं की त्या घराचं पाकीट बंद झालं समजा. मोबाईलवरच्या दुकानाला 31 नंबरचे आजोबा ठाऊक नसतात.

आणि पीठ गरम असताना डब्याचं झाकण घट्ट लावू नका. आत घाम सुटतो, गाठी होतात, चार दिवसांत वास येतो आणि दोष चक्कीवर येतो. झाकण तिरपं ठेवून पाठवा, ‘थंड झाल्यावर लावा’ असं सांगा.

पूर्वी मी जिथे दळण टाकायची, तिथे एकदा माझ्या गव्हाच्या पिठाला बेसनाचा वास आला. सांगितलं तर तो म्हणाला, ‘एवढं तर होणारच ना ताई.’ मी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यापासून चक्की बदलली. आता जिथे जाते, तो माणूस धान्य बदललं की माझ्याच गव्हातली एक ओंजळ आधी सोडतो, ते पीठ बाजूच्या टोपल्यात काढतो आणि मला दाखवतो, ‘हे मागच्याचं, हे गाईला.’ मग माझी पिशवी लावतो. अर्धं मिनिट जातं. तो किलोला एक रुपया जास्त घेतो हे मला हे सगळं लिहिताना आठवलं.

उन्हाळ्याचं फार सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. फक्त एक. मार्च ते मे कांडप चालू असतं, तेव्हा लोकांनी आणलेली मिरची कुटून देण्याबरोबर भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद तुम्हीच आणून गिऱ्हाइकासमोर दळा. दोन्ही आपल्याच भागातली, भिवापूर आपल्या जिल्ह्यात, वायगाव वर्ध्याकडे, आणि दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण मग ती खरंच तिथली हवी. शेतकऱ्याकडून घेतल्याची पावती मागितली तर काढून दाखवता यायला हवी, नाहीतर नावच घेऊ नका. महालक्ष्म्यांच्या आधी आंबिलीसाठी ज्वारी जाडसर भरडून ठेवा, हे सांगायची गरज नसावी.

भाच्याला निराश करू नका. गुगलच्या नकाशावर चक्कीची नोंद फुकट होते, ती त्याला करू द्या. वेळ बरोबर टाका. दुपारी दोन ते चार बंद असता तर तसं लिहा, बंद शटर बघून परत गेलेलं माणूस पुन्हा येत नाही. फोटो नव्या खोलीचा आणि त्या वाक्याचा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसही फुकट आहे, पण त्याच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला त्यांनाच पोचतो. म्हणून डबा देतानाच नंबर सेव्ह करायला सांगा. रोज सुप्रभात पाठवू नका. ‘आज लाईट नाही, चारनंतर या’, ‘ज्वारी आत्ता दळली, दहा किलो आहे’, एवढंच. इन्स्टाग्रामवर भाच्याला दगडाला टाकी लावतानाचा आवाज टाकू द्या, आणि मिरची कांडताना तो स्वतः शिंकतो तोही. बघतील लोक. त्यावर पैसे मात्र लावू नका.

पाटी. तुमची पत्र्याची जुनी पाटी असेल तर तीच पुन्हा रंगवा. फ्लेक्सचा रंग एका उन्हाळ्यात उडतो. दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत असणं 2022 च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही बंधनकारक आहे, हे एक त्यात आलंच. खाली ‘1994 पासून’ लिहा. तराजूची पासिंग (सरकारी तपासणी) केली असेल तर ते प्रमाणपत्र कपाटात ठेवू नका, तराजूच्या वर लावा.

नवीन चक्की यायला दोन-तीन आठवडे लागतील. तोवर थांबू नका. आजच त्या हुडकेश्वरच्या ताईंना फोन करा आणि सकाळच्या पहिल्या दळणाबद्दल खरं सांगा. मशीन येईपर्यंत ज्वारी घरच्या मिक्सरवर किंवा दुसऱ्या कुठल्या सोयीने दळा म्हणावं. एवढ्या महिन्यांचं विश्वासाचं गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटेल. वाटू द्या, पण फोन करा. आणि मुलगी कशी आहे तेही विचारा.